बंबाची राख

रविवारी दुपारी आमरस जरा जास्तच झालेला, झोप येईपर्यंत काहीतरी बघावं म्हणून मोबाईल उघडला तर समोर 'लुना', 1965 ची सोव्हिएत फिल्म, पावेल क्लुशान्त्सेव यांची. झोप गेली ती गेलीच. अर्धी फिल्म म्हणजे चक्क विज्ञानाचा तास, खरेखुरे शास्त्रज्ञ चंद्राची जमीन कशी असेल ते समजावून सांगतायत, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं तिथे जाऊन राहायला पण लागतात! मला असल्या फिल्ममधला तो मास्तरकीचा भागच जास्त आवडतो, पण हे घरात कोणाला सांगत नाही.

तर तेव्हा चंद्राची जमीन टणक की भुसभुशीत हेच कोणाला नक्की माहीत नव्हतं. तिकडे थॉमस गोल्ड नावाचे खगोलशास्त्रज्ञ म्हणायचे की वर धुळीचा जाड थर असणार, म्हणजे यान उतरलं की गेलं आत. आणि मला एकदम आजोळचा बंब आठवला.

मागच्या पडवीत असायचा, तांब्याचा. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की मामेभाऊ आणि मी खालची गार झालेली राख परातीत काढायचो, हाताने सारखी करायचो आणि स्टुलावर चढून वरून गोट्या सोडायचो. धप्प. भोवती कडं उठायचं, मधे खड्डा, अगदी पुस्तकातल्या चंद्रासारखा. मोठी गोटी तर दिसेनाशीच व्हायची, मग बोटाने चाचपून शोधायची. आजीला तीच राख भांडी घासायला हवी असायची आणि आम्ही नाकातोंडात घेऊन शिंकत बसलेलो, की पाठीत धपाटा.

खरा निकाल फिल्मच्या पुढच्याच वर्षी लागला. 3 फेब्रुवारी 1966 ला लुना 9 हे सोव्हिएत यान चंद्रावर अलगद उतरलं, बुडालं बिडालं काही नाही, वर फोटो पण पाठवले.

असल्या जुन्या फिल्ममधल्या यानांच्या मॉडेल्सना हसणारे लोक असतात, त्यांना मी एवढंच विचारते की 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरताना आपण तरी काय बघत होतो? ग्राफिक्सच की. स्क्रीनवर ते कार्टूनसारखं विक्रम लँडर खाली खाली येतंय आणि आमच्या ऑफिसात चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावेना.

आजोळी आता गीझर आहे. मामेभावाला फिल्मची लिंक पाठवली, त्याचा लगेच अंगठा आला, म्हणजे बघितली नसणारच.