आधी सांडवा, मग बांध

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यभर माहीत आहे. पावसाळ्यात बरगे (बंधाऱ्याची दारं) काढून ठेवायचे, पुराचं पाणी मोकळं जाऊ द्यायचं आणि पाऊस ओसरल्यावर बरगे घालून उरलेलं पाणी अडवायचं. ज्या जिल्ह्याच्या नावावर ही रीत आहे, त्याच जिल्ह्यात रानातले बांध मात्र पाण्याला वाट न ठेवता घातले जातात आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत फुटतात. मग 'शासनाचं काम असंच असतं' म्हणून सगळे मोकळे.

दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिमीच्या पुढे पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळला पाच-सहाशे मिमी. कमी पावसाच्या भागात समपातळी बांध घालतात. पाणी जागेवर थांबावं आणि मुरावं, एवढंच त्याचं काम. पाऊस साधारण ७००-८०० मिमीच्या वर गेला की समपातळी बांध सोडून ढाळीचा बांध घ्यावा लागतो. म्हणजे बांधालाच थोडा उतार द्यायचा, पाणी बांधाच्या कडेनं सावकाश चालत एका टोकाला न्यायचं आणि तिथून सांडव्यावाटे (जादा पाणी बाहेर जायला बांधात ठेवलेली वाट) ओघळीत सोडायचं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात मापं घेताना हा फरक आधी स्पष्ट करून घ्या.

ढाळ किती? १०० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर. डोळ्यांच्या अंदाजावर हे होत नाही. पातळी मोजायला पारदर्शक नळी १२-१५ मीटर घ्या, दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा, नळीत पाणी भरा आणि बुडबुडे पूर्ण काढा (बहुतेक चुका या बुडबुड्यांनीच होतात). दर १० मीटरला २ ते ४ सेंटिमीटर उतार ठेवत चुन्यानं रेघ आखा. रेघ वाकडीतिकडी आली तर ती सरळ करायचा मोह टाळा. ट्रॅक्टरला वळायला बरं म्हणून सरळ केलेल्या रेघेत मधे खोलगट जागा राहते, आणि बांध तिथंच फुटतो.

दोन बांधांमधलं अंतर उताराप्रमाणं ठरतं. उभं अंतर (दोन बांधांच्या पातळीतला फरक) मीटरमध्ये काढायचं साधं सूत्र असं: उताराच्या टक्क्याला ३ नं भागा, त्यात २ मिळवा, आलेल्या आकड्याला ०.३ नं गुणा. ३ टक्के उताराला ०.९ मीटर येतं, म्हणजे जमिनीवर दर ३० मीटरला एक बांध. ६ टक्क्यांना १.२ मीटर, म्हणजे दर २० मीटरला.

बांध ६० सेंटिमीटर उंच, माथा ३० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना दीडास एक उतार धरला तर पाया २.१० मीटर होतो आणि छेद ०.७२ चौरस मीटर. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर एका बाजूच्या ६३ मीटर बांधाला सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे १६ ब्रास माती लागते. माती १५ सेंटिमीटरच्या थरानं टाकून धुमसायची. मशीननं एकदम ढीग लावला तर बांध दोन पावसात बसतो. म्हणून मोकळ्या मातीची उंची ६० ऐवजी ७२ ठेवा. माती उकरलेला चर आणि बांधाचा पाया यांत किमान ३० सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर बांधच चरात घसरतो.

आता सांडवा. एका एकरावर १०० मिमी पाऊस म्हणजे चार लाख लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी. पण बांध फोडतो तो दिवसभराचा पाऊस नाही, तर अर्ध्या तासाचा जोर. तासाला ७५ मिमीचा वेग धरला आणि त्यातलं निम्मं वाहतं असं मानलं, तर एका एकरातून सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी येतं. सांडव्यावरून १५ सेंटिमीटर जाडीचं पाणी जाऊ द्यायचं ठरवलं, तर एकराला ४५ सेंटिमीटर लांबीचा सांडवा पुरतो. वरच्या बाजूला पाच एकर असतील तर २.१० मीटरच्या पुढे. 'वरच्या बाजूला' म्हणजे केवळ स्वतःचा गट नाही. माळावरून, शेजाऱ्याच्या बांधावरून, रस्त्याच्या मोरीतून येणारं सगळं पाणी धरायचं. एक फुटाचा पाईप टाकून पाच एकरांचं पाणी काढणारे लोक आहेत, त्यांच्या बांधाचं काय होतं हे सांगायला नको.

सांडव्याचा तळ बांधाच्या माथ्यापेक्षा किमान ३० सेंटिमीटर खाली हवा. पाणी पडतं त्या ठिकाणी मीटरभर दगडी पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर) लागतंच, नाहीतर पडणारं पाणी मागं मागं खात येतं. अंदाजपत्रकात ही पिचिंग वेगळ्या ओळीत असावी. मातीकामाचे घनमीटर भरले म्हणजे काम झालं, असा मोजणीचा रिवाज आहे. म्हणून काम सुरू होण्याआधी ती ओळ आहे का ते बघून घ्या.

भाताच्या मजगीवर (उतारावरच्या पायऱ्यांच्या खाचरांवर) आणखी एक शत्रू म्हणजे खेकडा. खेकड्याचं किंवा उंदराचं बीळ आरपार गेलं की त्यातून पाणी पाझरायला लागतं आणि रात्रीत भगदाड पडतं. लावणीआधी बांधाची आतली बाजू चिखलानं लिंपणं हा जुना उपाय अजूनही सगळ्यात स्वस्त आहे. बांधावर वाळा किंवा गवताचे ठोंब लावा. माथ्यावर मोठी झाडं नकोत, त्यांची मुळं कुजली की तिथून पाणी वाट काढतं.

ओघळींवर अनगड दगडांचे छोटे बांध घालताना काम नेहमी वरून सुरू करा. उंची ७५ सेंटिमीटर ते एक मीटर, त्याच्या वर नाही. मधला भाग कडांपेक्षा २० ते ३० सेंटिमीटर खोलगट ठेवा, म्हणजे पाणी मधून जाईल. दोन्ही काठांत ३० सेंटिमीटर आत दगड रोवा. हे रोवणं टाळलं की पाणी बांधाला वळसा घालून काठ खातं आणि ओघळ आधीपेक्षा रुंद होते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा: १० टक्के उतारावर पाऊण मीटर उंचीचे बांध असतील तर साडेसात मीटरवर एक. आणि दगड उतारावर रुतलेले उपटून आणू नका. ते माती धरून बसलेले असतात.

तीव्र उतारावर, जाड तांबड्या मातीत, पाणी साठवणारे खोल सलग समतल चर खणायला आमचा विरोध आहे. मराठवाड्यात ते वरदान असतील, पण इथं महिनाभर चरात पाणी उभं राहिलं की खालची माती भिजून घसरायला लागते. डोंगराच्या पोटाला पाणी दाखवण्याऐवजी गवत आणि झाडोरा राखा.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही तलावातला गाळ काढून रानात पसरायची योजना छोट्या शेतकऱ्याला थेट उपयोगाची आहे. अत्यल्प आणि अल्पभूधारकाला गाळ पसरायला घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५,००० पर्यंत आणि अडीच एकराच्या मर्यादेत ३७,५०० रुपये मिळतात. एकरी ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४१ ब्रास, रानावर १० सेंटिमीटरचा थर. हलक्या मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत हे चांगलं. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या भारी रानात मात्र आणखी चिकण गाळ टाकणं म्हणजे निचरा बंद करून घेणं. गाळ एप्रिल-मेमध्ये पसरून वाळू द्या, ढेकळं फुटल्यावर नांगरून खाली मिसळा. नुसता वर ठेवला तर पहिल्या पावसात वाहून परत तलावात जातो. गाळाच्या नावाखाली वाळू काढता येत नाही, हे ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगा.

शेततळ्याचं अनुदान ७५,००० रुपयांपर्यंत आहे, मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, कडांना एकास एक उतार धरला, तर २,१९६ घनमीटर पाणी धरतं, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर. जांभ्यात ते अस्तराशिवाय थांबत नाही, त्यामुळे ५०० मायक्रॉन फिल्मचा खर्च आधीच हिशेबात धरा. तळ्यालाही सांडवा हवा.

फळबागेला भाऊसाहेब फुंडकर योजनेत तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे अनुदानाचे हप्ते येतात. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली असावी लागतात. त्यामुळे आजरा-चंदगडच्या माळावर काजू लावणाऱ्यानं मार्च ते मे महिन्यांचं पाणी आधी ठरवावं. ७ बाय ७ मीटरला एकरी ८० च्या आसपास रोपं बसतात.

कागद: सातबारा, आठ-अ, शेतकरी ओळख क्रमांक, आधारला जोडलेलं बँक खातं, सामायिक खातेदारांची संमती. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते या संमतीवर, भाऊबंदकीत एक सही राहते. महाडीबीटीवरच्या (शासनाच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवरच्या) योजनांत पूर्वसंमती येण्याआधी खोदाई सुरू केली तर पैसे मिळत नाहीत. कामाआधीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्याचा फोटो एकाच जागेवरून काढा. रोजगार हमीतलं काम असेल तर ग्रामसभेच्या आराखड्यात गट क्रमांकासह नाव आलंय का ते स्वतः वाचा.

शिरोळकरांसाठी वेगळं थोडक्यात. क्षारपड रानात बांध आणि तळी नकोत, पाणी बाहेर काढायचं असतं. सच्छिद्र पाईप मीटर-सव्वा मीटर खोल, मातीच्या पोताप्रमाणं दर १५ ते ३० मीटरला, आणि शेवटी पाणी नाल्यात पडेल एवढी खोली. शेजाऱ्यांच्या रानातून मुख्य पाईप जाणार असेल तर एकट्यानं सुरुवात करू नये. निचरा झाल्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि पश्चिमेकडच्यांनी पहिल्या मोठ्या पावसात खोरं घेऊन बांधावर एक चक्कर मारावी. नवा बांध कुठं बसलाय, पाणी माथ्यावरून कुठं यायला बघतंय, हे त्याच तासात दिसतं. तेव्हा दहा पाट्या मातीत काम भागतं, ऑगस्टमध्ये त्याच जागेला जेसीबी लागतो.