पहिल्या तासाला कडक राहायचं की प्रेमाने वागायचं?

नवीन वर्ष सुरू व्हायला आठवडा उरला की नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो तुम्ही विचारलात. मी जिन्यात उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिलं आणि घरी आल्यावर वाटलं, एवढ्या मनापासून विचारलेल्या प्रश्नाला हे पुरेसं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कडक की प्रेमळ, हा पेच आपला असतो, मुलांचा नसतो. नव्या वर्गात बसलेलं मूल आपल्याकडे टक लावून बघतं खरं, पण त्याच्या मनात चाललेलं असतं भलतंच. मला नाही आलं तर या बाई काय करतील? सगळ्यांसमोर उभं करतील का? मी शेवटच्या बाकावरून यांना दिसते तरी का? याची उत्तरं ते आपल्या भाषणात शोधत नाही. हजेरी घेताना आपण मान वर करतो की नाही, कुणी अडखळलं की आपला चेहरा कसा होतो, यावरून ते आपल्याला ओळखतं.

नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी याच संदर्भात नेहमी सांगते. शिकवत असलेल्या शिक्षकांच्या चित्रफितींचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे त्यांनी अनोळखी लोकांना आवाज बंद करून दाखवले आणि या शिक्षकांबद्दल काय वाटतं ते विचारलं. त्या अर्ध्या मिनिटावरून लोकांनी दिलेले गुण आणि सत्राअखेरीस खुद्द विद्यार्थ्यांनी त्याच शिक्षकांना दिलेले गुण बऱ्याच अंशी जुळले. हे तुकडे पहिल्या दिवसाचे होते असं नाही, त्यामुळे पहिल्या तासालाच सगळा निकाल लागतो असा अर्थ मी काढत नाही. मला महत्त्वाची वाटते ती आवाज बंद असल्याची गोष्ट. आपण बोलायला लागण्याआधीच आपलं उभं राहणं, बघणं, हातवारे मुलांपर्यंत पोचलेले असतात. म्हणून पहिल्या दिवसापुरता चेहरा आवळून 'वचक' बसवायला जाऊ नका. तो चेहरा वर्षभर टिकत नाही, आणि तो गळून पडला की मुलांना फसवल्यासारखं वाटतं. तुम्ही मुळात मृदू असाल तर मृदूच राहा. शिस्तीचे चार नियम शांत आवाजात सांगा आणि ते पाळले जातील याकडे रोज लक्ष द्या, बस.

नावांबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण तिथे माझ्या हातून चूक झाली होती.

माझं ते पहिलंच वर्ष. हजेरीपट वाचताना एका मुलीच्या नावाशी मी अडले. दोनदा प्रयत्न केला, जमेना. मग हसत हसत म्हणाले, "अगं, हे वाचायचं तरी कसं?" वर्गही हसला. ती उभी राहिली, पटाकडे नाही, माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "काहीही चालेल, बाई." मी पुढच्या नावावर गेले. त्यात काही बिघडलं असं मला वाटलंच नाही. पण पुढचे कितीतरी महिने त्या मुलीने वर्गात एकदाही हात वर केला नाही, आणि तिच्या वह्या तपासताना कळत होतं की तिला येत सगळं होतं. स्वतःच्या नावाबद्दल 'काहीही चालेल' असं एखाद्या मुलाला म्हणावं लागणं, ही शिक्षकाची चूक आहे. मी नंतर तिला बाजूला घेऊन नाव नीट विचारलं, माफीही मागितली. पण पहिला दिवस काही परत आला नाही.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळी मी पट मोठ्याने वाचते. अवघड नावाशी खूण करते आणि तिथे पोचले की नाव उच्चारण्याआधी थांबून विचारते, "तुझं नाव तूच सांग, मला बरोबर म्हणायचं आहे." एवढं म्हटलं की मूल मान वर करतं. तास संपेपर्यंत सगळी नावं पाठ होणार नाहीत, तसा दावाही करू नका. पण पाच-सहा नावं तरी त्याच तासात परत घ्या, आणि ती पहिल्या बाकावरचीच नकोत.

दुसरी गोष्ट, पहिल्या तासाला शिकवा. पूर्ण तास ओळखपरेड आणि सूचना यांत घालवला, की इथे वर्षभर ऐकायचंच काम आहे असं मुलांना वाटतं. एखादं छोटं, खरं गणित द्या, एखादा प्रश्न द्या, ज्यात डोकं चालवावं लागेल. आणि मग वाट बघा पहिल्या चुकीच्या उत्तराची. माझ्या मते तुमची छाप पडते ती त्या क्षणी.

एका वर्षी सहावीच्या नव्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. एक मुलगा चटकन म्हणाला, "दोन छेद पाच." मागून दोघं-तिघं फिसकन हसले. त्याने हात खाली घेतला, पण डोळे माझ्यावरच होते. मी त्याचं उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. म्हटलं, "हे कसं आलं ते मला दिसतंय. वरचे वर मिळवलेस, खालचे खाली. आता एक सांग, दोन छेद पाच हे अर्ध्याहून जास्त की कमी?" मग मी गप्प राहिले. वर्गातली शांतता नव्या शिक्षकाला सहन होत नाही, मलाही व्हायची नाही. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांमध्ये मोजून पाहिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात. त्या दिवशी मी तीनाहून बरेच जास्त थांबले असेन. तो पुटपुटला, "पाचाचं अर्धं अडीच... म्हणजे कमी." आणि एकदम ताठ झाला. "बाई, अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी कसं होईल?"

हसणारे आता वहीत डोकं घालून बसले होते. पाच छेद सहा हे उत्तर कुणी दिलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रश्न विचारताच किती हात वर आले, आणि त्यातले कितीतरी चुकीच्या उत्तरांचे होते, हे चांगलं आठवतं.

आणखी एक. मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. हॅरोल्ड केली यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकाच व्याख्यात्याची ओळख काही विद्यार्थ्यांना 'स्नेहशील' म्हणून लिहून दिली होती आणि काहींना 'रुक्ष' म्हणून. बाकी मजकूर तोच, तासही तोच. पहिल्या गटातले ५६ टक्के विद्यार्थी चर्चेत बोलले, दुसऱ्या गटातले ३२ टक्केच. तुमच्याबद्दल वरच्या वर्गातल्या मुलांनी काय सांगितलं आहे हे तुमच्या हातात नाही. पण तसलंच एक लेबल आपणही घेऊन वर्गात जातो. 'तो शेवटच्या बाकावरचा आहे ना, त्याच्यापासून सावध,' हे शिक्षकखोलीतलं वाक्य पहिल्या तासापुरतं तरी कानाआड करा. मी निदान पहिले पंधरा दिवस ऐकत नाही.

तुमचा वर्ग कुठल्या खोलीत आहे ते एव्हाना कळलं असेल. आदल्या दिवशी तिथे एकट्या जा, शेवटच्या बाकावर बसा आणि फळ्याकडे बघा. तिथून अक्षर केवढं दिसतं ते कळेल.