सातवा प्रश्न

रविवार, रात्री पावणेबारा

सोनू झोपला. सकाळी साडेसहाच्या एसटीनं साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे जायचंय. सहा आठवडे थांबून मिळालेली वेळ आहे. पिशवी भरून झाली, फॉर्म तेवढा राहिला होता. एम-चॅट म्हणतात त्याला, मुलात ऑटिझमची लक्षणं आहेत का हे चाचपणारा. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 20 प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. दहा मिनिटांचं काम, पण मला चार दिवस पुरले नाहीत.

सहावा प्रश्न: काही हवं असेल तर बोट दाखवतो का? नाही. तो माझं मनगट धरतो, ओढत फ्रिजपाशी नेतो आणि माझा हात दारावर ठेवतो. माझ्या तोंडाकडे बघत नाही.

सातवा: काही गंमत दिसली तर तुम्हाला दाखवायला बोट करतो का? इथे परवा मी ‘हो’ लिहिलं होतं. आमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. गल्लीतली पोरं ओरडत सुटतात, आयांना हाका मारतात. सोनूही पळत जातो, वाकून जवळजवळ जमिनीला गाल लावतो आणि फिरणारी चाकं बघतो. त्याचा चेहरा इतका फुलतो की, हे तो मला दाखवतोय असं मी धरून चालले. पण मी बघतेय की नाही, हे त्यानं एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. प्रश्न तेवढंच विचारतो. आज खोडलं.

प्रत्येक ‘नाही’ लिहिताना लेकराविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं. पाहुण्यांनी हाक मारली, तो वळला नाही, की मीच म्हणायचे, “खेळात रमलाय हो.” वर्षभर हेच केलं.

दुसरा प्रश्न आहे, मूल बहिरं आहे की काय अशी शंका कधी आली का? आली होती. मागच्या महिन्यात कानांची बेरा तपासणी केली. ती झोपेत करावी लागते म्हणून आदल्या रात्री त्याला एकपर्यंत जागं ठेवलं. मग कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. दोन्ही कान उत्तम निघाले. घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मी मोरीत जाऊन रडले. ऐकू येतंय, तरी माझी हाक पोचत नाही.

दीड वर्षाचा असताना एका डॉक्टरांना विचारलं होतं. “मुलगे उशिरा बोलतात, थांबा.” त्या थांबण्यात पाच महिने गेले, त्याचा राग अजून जात नाही. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं की, निदानाचं नाव मिळेपर्यंत थांबू नका, बोलण्याची आणि खेळातून होणारी थेरपी आधीही सुरू करता येते. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रं आहेत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. जावेनं मोबाइलला दोष दिला, शेजारणीनं माझ्या नोकरीला. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे, आईच्या वागण्यानं होत नाही. हे मी वाचलंय, तरी रात्री पुन्हा वाचते.

सासूबाई कालपर्यंत म्हणत होत्या, “तुझा नवरा तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता.” आज फॉर्म वाचून दाखवला तर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मोर दाखवला तरी माझ्या बोटाकडेच बघतो गं. मला कधीचं कळत होतं. बोलायचा धीर नाही झाला.” पहिला प्रश्न तोच होता. तिथं त्यांनी स्वतः माझ्या हातानं ‘नाही’ लिहवून घेतलं.

काळजीच्या उत्तरांची बेरीज 11 आली. 3 ते 7 असेल तर आणखी सविस्तर विचारतात, 8 आणि पुढे असेल तर थेट पूर्ण तपासणीला पाठवतात. एवढ्यावर निदान होत नाही. उद्या डॉक्टर त्याच्याशी खेळतील, आम्हाला गरोदरपणापासूनचं सगळं विचारतील. ट्रॅक्टरचा आणि मनगट ओढण्याचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवलाय, परक्या खोलीत तो कसा वागेल कोण जाणे.

पिशवीत दूध, दोन कपडे, दशम्या, बेराचा रिपोर्ट. आणि त्याची स्टीलची वाटी, जी तो तासभर गरगर फिरवत बसतो. ह्यांनी विचारलं, “ती कशाला? डॉक्टरांसमोर फिरवत बसेल.”

म्हटलं, फिरवू दे. घेतलीय.