वाकळ आणि अलाबामा

सकाळपासून लाईट नाही. मोबाईलला चाळीस टक्के चार्जिंग होतं, त्यातलं तीस नेटवर गोधड्या बघण्यात घालवलं.

सुरुवात जपानच्या साशिकोनं झाली. निळीत रंगवलेलं कापड, वर पांढऱ्या दोऱ्याचा साधा धावदोरा. तिकडं उत्तरेत, आओमोरीकडं, थंडीमुळं कापूस पिकायचा नाही. मग चिंधीवर चिंधी लावून एकच कपडा पिढ्यान् पिढ्या चालवायचे. त्याला 'बोरो' म्हणतात. आईला दाखवलं. चष्मा वर सारून म्हणाली, "ही तर आपली वाकळच की रे! टाके तेवढे लांब पडलेत."

मग सापडलं अमेरिकेतल्या अलाबामातलं गीज बेंड. कापसाच्या रानात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायांचं गाव. त्यांच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये पोस्टाच्या तिकिटांवर आल्या. (आमच्या गल्लीत जुनी वाकळ कुत्रीच्या पिल्लांखाली जाते.) त्यातली मिझुरी पेटवेची १९४२ ची गोधडी मात्र डोळ्यापुढून हलेना. नवरा वारल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांची शिवलेली.

हे सांगितलं तर आई काहीच बोलली नाही. उठली, पेटीतली वाकळ काढली, बाजेवर उन्हात टाकली. मधोमध दादांचं धोतर. काठाला त्यांच्या पटक्याची पट्टी, एका कोपऱ्यात उसवलेली.

"सुईत दोरा ओवून दे. मला दिसंना गेलंय."

तिसऱ्यांदा ओवला गेला. फोटो काढायचा होता, तर मोबाईल बंद पडलेला. लाईट आली की टाकतो.