पोट मऊ होतं, तरी बाई तळमळत होत्या

सर्जरीच्या रेसिडेन्सीत पहिल्याच महिन्यात आम्हा सात जणांना एका टेबलाभोवती बसवून एक कागद दिला. वय ६८, बाई, सहा तास पोटात असह्य दुखतंय, दोन उलट्या. पुढचं पान हवं असेल तर आधी सांगायचं : काय तपासणार आणि का. त्या 'का'पाशीच माझी गाडी अडायची, कारण तोवर मी कारणांच्या याद्या पाठ करत आले होते.

मी ठोकून दिलं, स्वादुपिंडाला सूज. पुढच्या पानावर : पोट हाताला मऊ, नाडी अनियमित. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. "पोट मऊ, मग एवढ्या तळमळतायत कशाने?" एवढंच विचारलं. कुणालाच सांगता येईना. प्रश्न फळ्यावर गेला. माझ्या वाट्याला आतड्याचा रक्तपुरवठा आला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून असंच शिकवू लागले, आधी प्रश्न, मग वाचन. त्या रात्री मी पहिल्यांदा काहीतरी शोधण्यासाठी पुस्तक उघडलं.

नाडी अनियमित असली की हृदयात गुठळी होऊ शकते. ती आतड्याच्या मुख्य धमनीत जाते आणि बहुतेकदा मोठ्या आतड्याकडे जाणाऱ्या मिडल कॉलिक फाट्याच्या पुढे अडकते. म्हणून जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचा, सुरुवातीचा भाग वाचतो. आतडं उपाशी असतं, पण पोटाच्या आतल्या आवरणाला अजून सूज नसते, म्हणून पोट मऊ. दुसऱ्या बैठकीत हे चित्र मी फळ्यावर काढलं.

प्रत्येक बैठक अशी झाली नाही. एका ट्युटरने तासभर लेक्चरच दिलं. त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. आणि गाठ मारायला चर्चेतून येत नाही, तिथे दोराच हातात घ्यावा लागतो.

आठ महिन्यांनी रात्री एक आजोबा आले. कळवळत होते, पोट मऊ, नाडी अनियमित. मी सिनियरना म्हटलं, "सर, थेट सीटी अँजिओग्राफी करू या." रक्तवाहिन्यांच्या त्या स्कॅनमध्ये गुठळी दिसली. पोट उघडलं तेव्हा जेजुनमचा पहिला वीतभर भाग गुलाबी होता आणि तिथून पुढे आतडं निळसर. सरांनी धमनी उघडून फोगार्टी कॅथेटरने, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने, गुठळी काढली. आम्ही आतड्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेले कापडी मॉप ठेवून थांबलो. हळूहळू मेसेंटरीत, म्हणजे आतड्याच्या रक्तवाहिन्या असलेल्या पडद्यात, ठोके लागू लागले. जो तुकडा निळसरच राहिला तो कापला, आणि उद्या पुन्हा पोट उघडून बघायचं ठरलं.