गल्लीतली मैदानं, परगावचे रविवार

रग्बी लीगची जुनी मैदानं पाहायला निघायचं तर आता सुपरमार्केटचे पत्ते सोबत घ्यावे लागतात. हॅलिफॅक्सच्या थ्रम हॉलवर अ‍ॅस्डा उभं आहे, विगनच्या सेंट्रल पार्कवर टेस्को. ओल्डहॅमच्या वॉटरशेडिंग्जवर आणि स्विंटनच्या स्टेशन रोडवर घरं झाली. हलच्या बुलेव्हार्डवर शाळा आहे. तरीही मागच्या एका उन्हाळ्यात मी निघालोच, कारण उत्तर इंग्लंडातल्या या गावांशी माझी ओळख या मैदानांनीच करून दिली होती.

रग्बी लीग हा तेरा जणांचा खेळ टीव्हीवर दिसणाऱ्या पंधरा जणांच्या रग्बीतून फुटून निघाला. २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांची बैठक भरली. गिरणीत नाहीतर खाणीत राबणाऱ्या खेळाडूला शनिवारच्या सामन्यासाठी खाडा करावा लागे. त्या खाड्याची मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. वरच्या संघटनेला ती मान्य नव्हती. क्लब बाहेर पडले आणि खाड्याचे दिवसाला सहा शिलिंग ठरले. माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. एका खाड्याने महिन्याच्या किराण्याचं काय होतं ते मी घरात पाहिलेलं आहे. हा इतिहास पहिल्यांदा वाचला तेव्हाच या खेळाशी माझी सोयरीक जुळली.

लीड्सला आलो तो १९९४च्या हिवाळ्यात. हेडिंग्ली बघायला गेलो ते अर्थातच क्रिकेटसाठी. विजय मांजरेकरांचं १९५२चं शतक इथलं, वेंगसरकरांचे १९८६चे ६१ आणि नाबाद १०२ इथलेच. त्या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून दुसरं मैदान आहे, मधला स्टँड दोघांचा सामाईक. मी गेलो तेव्हा क्रिकेटच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं आणि पलीकडून हजारो गळ्यांचा आवाज येत होता. तिकीट काढून आत शिरलो. बॉल घेऊन धावणाऱ्याला तिघंचौघं मिळून पकडत होते, खाली आणत होते. तो उठायचा, टाचेने बॉल मागे सारायचा, की पुढची चढाई सुरू. सहा पकडी झाल्या की बॉल समोरच्या संघाकडे. लालबाग-परळच्या गल्ल्यांत बल्बच्या उजेडात कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला कोणी लागत नाही.

पण खरी गोडी लागली ती परगावच्या सामन्यांची. माझ्या पहिल्या नोकरीतले एक सहकारी, जन्मापासून हॅलिफॅक्सचे, मला दर दुसऱ्या रविवारी बरोबर घेऊन जायचे. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, या फेरीतही ते माझ्या शेजारच्या सीटवर होते, निळा-पांढरा मफलर मांडीवर घेऊन. त्या वेळी आम्ही सपोर्टर्स क्लबच्या बसने जायचो. बस गावात शिरली की सगळे खिडकीतून फ्लडलाइटचे खांब शोधायचे, कारण मैदानाची खूण तीच. बाकी मैदान दिसायचंच नाही. लाल विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा, मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर पब, आणि त्याच रांगेत अचानक एक हिरवं फाटक. फाटकापाशी एक अरुंद टर्नस्टाइल, त्यात सुटे पैसे मोजणारा म्हातारा. त्यातून आडवं होऊन आत गेलं की समोर एकदम हिरवंगार, आणि छपरांच्या वर गिरणीची चिमणी.

परक्या संघाच्या लोकांना वेगळ्या पिंजऱ्यात उभं करायची पद्धत या खेळात नाही. उभ्याने बघायच्या पायऱ्यांवर यजमान आणि पाहुणे खांद्याला खांदा लावून असतात, भांडतात ते शब्दांनी. मध्यांतर झालं की आपला संघ ज्या बाजूला चढाई करणार तिकडे जायला अर्धं मैदान चालू लागायचं. दोन्ही गावांचे लोक समोरासमोर एकमेकांना ओलांडत जायचे. त्या पाच मिनिटांत कोणाची गिरणी बंद पडली, कोणाचा मुलगा कुठे लागला, सगळं कळायचं.

या फेरीत पहिल्यांदा गेलो थ्रम हॉलला. १८८६पासून १९९८पर्यंत हॅलिफॅक्स इथे खेळलं. मैदान टेकडीच्या अंगावर, खेळपट्टीलाच उतार, आणि वारा असा की वरच्या कोपऱ्यातला खेळाडू किक मारायला घाबरायचा. अ‍ॅस्डाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. माझे जुने सहकारी, आता आजोबाच, उतरले, बाहेरच्या रस्त्याचा उतार डोळ्यांनी मोजला, काठीने दोनतीनदा दिशा धरली आणि सरळ ट्रॉल्यांच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. "हिअर, लॅड." त्यांच्या वडिलांची उभं राहायची जागा. वडिलांनंतर त्यांची. १९८७मध्ये सेंट हेलन्सला १९-१८ असं हरवून चॅलेंज कप, या खेळातला बाद फेऱ्यांचा मोठा करंडक, गावात आला, त्यानंतरच्या हंगामातही ते तिथेच उभे राहिले. मी कधी गेलो तर मलाही तिथेच उभं करायचे. एक बाई ट्रॉली घ्यायला आल्या, त्यांना मफलर दिसला आणि त्या थांबल्या. त्यांचे वडील म्हणे दुसऱ्या टोकाला उभे राहत. दोघं तिथेच पंधरा मिनिटं बोलत होते आणि मी मागे उभा राहून ऐकत होतो.

ही मैदानं का गेली, याला कारणं आहेत. ११ मे १९८५ला ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात लाकडी स्टँड पेटला आणि ५६ माणसं गेली. त्यानंतर सुरक्षेचे कडक नियम रग्बी लीगच्या मैदानांनाही लागू झाले. ते व्हायलाच हवे होते. पण इथले स्टँड बहुतेक लाकडाचेच, आणि दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा? गिरण्या आणि खाणी बंद होत होत्या, प्रेक्षक घटले होते. वस्तीच्या मधोमध असलेली मोठी सपाट जागा एवढीच क्लबांची दौलत उरली होती, आणि सुपरमार्केटवाल्यांना नेमकी तीच हवी होती. १९९५मध्ये माध्यमसम्राट मर्डॉकच्या टीव्ही कंपनीचा पैसा आला, ८ कोटी ७० लाख पौंड. पुढच्याच वर्षी खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. त्याच धांदलीत कॅसलफर्ड, फेदरस्टोन आणि वेकफील्ड ही तीन गावं मिळून ‘कॅल्डर’ नावाचा एकच संघ करायचं घाटत होतं. तिन्ही गावांचे लोक रस्त्यावर उतरले म्हणून ते टळलं. खाणकामगारांची गावं आपला संघ असा नकाशावर रेघ मारून देत नाहीत, हे वर बसलेल्यांना आधीच कळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

ऑडसल मात्र शिल्लक आहे. ब्रॅडफर्डचा हा प्रचंड खड्डा, एके काळी तिथे गावचा कचरा टाकत. १९३४मध्ये त्याचं मैदान झालं. ५ मे १९५४ला, बुधवारी संध्याकाळी, इथे चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याचा फेरसामना झाला, हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टनमध्ये. वेम्ब्लीला ४-४ अशी बरोबरी झाली होती. अधिकृत आकडा १,०२,५६९. आजोबा तेव्हा लहान पोर होते, वडिलांच्या खांद्यावर. गर्दीमुळे खेळ त्यांना जेमतेम दिसला. आठवतात त्या टोप्या, उतरत्या बांधावर पार खालपर्यंत पसरलेल्या, आणि सिगारेटचा धूर. हॅलिफॅक्स ८-४ असं हरलं, घरी पोचायला मध्यरात्र उलटली. दुसऱ्या दिवशी रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावला आणि देशभर त्याचीच चर्चा. हॅलिफॅक्सच्या शाळेत कोणाला त्याचं काही नव्हतं, म्हणतात.

हडर्सफील्डचं फार्टाउन पाहून मी सर्वांत जास्त रेंगाळलो. १९९२मध्ये क्लब तिथून हलला, पण जागा विकून तिथे दुकान झालं नाही. हिरवळ आहे. कडेच्या बांधावर गवत आणि झुडपं माजली आहेत. मी बुटाच्या टोकाने पानं बाजूला सारली तर खाली काँक्रीटची पायरी लागली, कडेला गुळगुळीत झिजलेली. इथे हॅरॉल्ड वॅगस्टाफच्या संघाने १९१४-१५च्या एकाच हंगामात चारही करंडक जिंकले. इथेच अल्बर्ट रोझनफेल्ड १९१३-१४मध्ये ८० ट्राय (समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे बॉल टेकवणं म्हणजे ट्राय) करून गेला आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. सिडनीहून आलेला हा माणूस याच गावात स्थायिक झाला आणि पुढे कचरा गोळा करायच्या कामावर होता. मी पायरीवर बसलो. खाली दोन मुलं बॉल मारत होती, फुटबॉल. आजोबांनी त्यांना रोझनफेल्डची गोष्ट सांगितली आणि मुलांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

पेनाइन्सच्या डोंगरापलीकडे ओल्डहॅम. वॉटरशेडिंग्ज एवढ्या उंचावर होतं की तिथल्या थंडीच्या आठवणीने आजही माझी बोटं आखडतात. १९९७नंतर तिथे सामना झाला नाही. आता नव्या घरांमधून फिरताना काही ओळखू येत नाही. पण ओल्डहॅमला येताना मला नेहमी वडील आठवतात. इथल्या प्लॅट ब्रदर्सच्या कारखान्यातून सूतगिरण्यांची यंत्रं बोटीने मुंबईला जात. परळ-लालबागच्या पोरांनी ते नाव ओतीव लोखंडावर वाचलेलं असायचं. ओल्डहॅमच्या गिरण्या आधी गेल्या, आमच्या १९८२च्या संपानंतर. दोन्हीकडे भोंगे बंद पडल्यावर माणसांना एकत्र आणायला मैदान तेवढं उरलं, आणि मग तेही राहिलं नाही. नायगाव-प्रभादेवीला दुसऱ्या मंडळाच्या अंगणात आपल्या मंडळाची कबड्डी बघायला चालत जायचो, तिथल्या कितीतरी जागांवर आज टॉवर आहेत.

विगनला फार थांबलो नाही. सेंट्रल पार्क भर गावात, बाजारापासून दोन पावलांवर होतं. ५ सप्टेंबर १९९९ला तिथे शेवटचा सामना झाला, सेंट हेलन्सला हरवून. कार्डिफहून आलेल्या बिली बॉस्टनने विगनसाठी ४७८ ट्राय केले, आणि त्यांना, या खेळातल्या पहिल्या माणसाला, ‘सर’ किताब मिळायला २०२५ उजाडलं. त्यांचा पुतळा गावात आहे, तो बघितला, खिशात अंकल जोज मिंट बॉल्स या पुदिन्याच्या गोळ्या टाकल्या आणि परत फिरलो.

हलला जाताना ए-६३ रस्त्याचा शेवटचा टप्पा क्लाइव्ह सलिव्हनच्या नावाचा आहे. १९७२मध्ये ग्रेट ब्रिटनला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार, आणि ब्रिटनच्या कुठल्याही राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. हलमध्ये दोन क्लब, पश्चिमेला मच्छीमारांचा, पूर्वेला गोदीकामगारांचा, आणि सख्ख्या भावांत फूट पाडेल असं वैर. सलिव्हन दोघांकडून खेळला आणि दोघांनी त्याला आपला म्हटलं. १९८०मध्ये हे दोन्ही क्लब वेम्ब्लीला अंतिम सामन्यात भिडले तेव्हा याच रस्त्यावर पाटी लागली होती: शेवटी निघेल त्याने दिवे बंद करावेत.

बुलेव्हार्ड १८९५पासून २००२पर्यंत चाललं. तिथल्या थ्रीपेनी स्टँडची पाहुण्यांना धास्ती असायची, समुद्रावरून आलेल्या माणसांच्या जिभा होत्या त्या. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हॅलिफॅक्सच्या विंगरला त्यांनी ऐंशी मिनिटं सोलून काढलं होतं. आणि मग तेच लोक एक जुनं काउबॉय गाणं एका सुरात म्हणू लागले की अंगावर काटा यायचा. शाळेच्या कुंपणापाशी उभं राहून आम्ही ते थोडं गुणगुणलो. नंतर जवळच्या दुकानात पॅटी घेतली: उकडलेला बटाटा, त्यात सेजचा पाला, पिठात बुडवून तळलेला. लसूण-मिरचीविना झालेला बटाटावडाच तो. वर हलचा चिप स्पाइस मसाला. आजोबा कागदातून खात म्हणाले, इथे हरल्यावर पॅटी खाऊनच घरी जायचो. जिंकल्यावरही.

फेरीचा शेवटचा दिवस आम्ही मुद्दाम रविवार धरला होता, कारण बॅटलीला सामना होता आणि पाहुणा संघ हॅलिफॅक्स. बॅटली म्हणजे जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा कापड विणणारं गाव. त्या गिरण्यांत काम करायला सुरत-भरूचकडची कुटुंबं आली आणि राहिली. चढावरच्या दुकानात सामोसे घेतले, दुकानदार हिंदीत बोलला आणि त्याने हॅलिफॅक्सचा मफलर बघून मान हलवली. १८९७मध्ये पहिला चॅलेंज कप जिंकला तो बॅटलीनेच, सेंट हेलन्सला १०-३ असं हरवून. १८८०पासून तेच मैदान, माउंट प्लेझंट, टेकडीच्या माथ्यावर, घरांच्या रांगांमध्ये. खेळपट्टीचा उतार असा की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा खाली वाकून बघावा लागतो.

पहिल्या अर्ध्यात हॅलिफॅक्स चढाच्या दिशेने खेळलं. आजोबा कठड्याला धरून उभे होते, शेजारी त्यांच्याच वयाचे दोन बॅटलीवाले. रेफरीवर तिघांचं एकमत होतं. भोंगा वाजला, मध्यांतर झालं, आणि लोक चालू लागले. मी म्हटलं, "बसा, इथूनही दिसेल." ते काठी घेऊन निघालेसुद्धा. अख्ख्या मैदानाला वळसा घालायला वेळ लागला, कारण वाटेत तीन ठिकाणी थांबून १९८७वर बोलणं झालं. आम्ही खालच्या टोकाला पोचलो तेव्हा किक झाली होती, बॉल उताराने आमच्याकडे येत होता आणि हॅलिफॅक्सचे तेरा जण त्याच्यामागे सुटले होते. आजोबांनी मफलर डोक्यावर धरला आणि ओरडायला सुरुवात केली. मीही.