बंद केलेले, पण न काढलेले प्लगइन

नागपुरात महालातल्या एका वधूवर सूचक मंडळाचे संकेतस्थळ मी सांभाळते. मंडळाचे सचिव रोज सकाळी ते उघडून रात्रीतून आलेली नवी स्थळे तपासतात आणि मगच ती सदस्यांना दिसू देतात. जानेवारीतल्या एका गुरुवारी नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला. "ताई, अ‍ॅडमिनच्या यादीत एक नवंच नाव दिसून राहिलं. आपल्यापैकी कोणाचं नाही ते. तुम्ही टाकलं का?" मी टाकले नव्हते. रविवारी मंडळाचा मेळावा होता आणि डेटाबेसमध्ये सुमारे अकराशे स्थळांची माहिती होती. पूर्ण नाव, जन्मवेळ, उंची, पगार, मंगळ आहे की नाही, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल आणि दोन फोटो, एवढे सगळे प्रत्येक स्थळाखाली असते. लग्नाआधी माझे स्थळही याच मंडळात, तेव्हाच्या कागदी फायलीत होते. घरातली माणसे किती विचार करून एकेक रकाना भरतात, हे मला ठाऊक आहे.

मी आधी ते नाव डेटाबेसमध्ये पाहिले. हे संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालते, आणि तिच्यातून नवा वापरकर्ता तयार केला की नोंदणीची तारीख आणि वेळ आपोआप भरली जाते. या नावापुढे त्या रकान्यात सगळी शून्ये होती. म्हणजे हे खाते संकेतस्थळावरून तयार झालेलेच नव्हते. कोणीतरी थेट डेटाबेसच्या तक्त्यात एक ओळ घातली होती, आणि त्यासाठी डेटाबेसचा पासवर्ड हाती असावा लागतो. तो पासवर्ड डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. खात्याने लॉगिन केल्याची नोंद कुठे नव्हती. ते तयार करून ठेवले होते, वापरले नव्हते.

अशा प्रसंगी आमच्या व्यवसायातले अनेक जण एखादे स्कॅनर चालवून, सापडेल ते पुसून, तासाभरात "साइट क्लीन" असा निरोप पाठवतात. कोण कुठून आले हे सांगणाऱ्या खुणाही त्याच साफसफाईत जातात. मी संकेतस्थळ देखभालीच्या पानावर ठेवले, सर्व फाइलींची, डेटाबेसची आणि सर्व्हरच्या लॉगची, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीची, वेगळी प्रत घेतली आणि लॉग वाचायला बसले.

एकोणीस दिवसांपूर्वीच्या पहाटे, पावणेचारच्या सुमारास, एकाच आयपी पत्त्यावरून लागोपाठ दोन विनंत्या आल्या होत्या. दोन्ही एका प्लगइनच्या, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेल्या जादा प्रोग्रामच्या, फोल्डरमधील "प्रीव्ह्यू" नावाच्या फाइलकडे होत्या. हे प्लगइन थीमबरोबर, म्हणजे संकेतस्थळाच्या तयार सजावटीबरोबर, झिपमध्ये आलेले होते आणि बायोडाटाचा आराखडा निवडण्यासाठी मंडळ ते पूर्वी वापरत असे. पहिल्या विनंतीत आराखड्याच्या नावाच्या जागी काहीतरी निरर्थक अक्षरे होती. ती फाइल सापडली नाही म्हणून पीएचपीने, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिने, इशारा छापला आणि त्या इशाऱ्यात आपल्या फोल्डरचा सर्व्हरवरील संपूर्ण मार्गही सांगून टाकला, कारण चालू संकेतस्थळावर चुका पडद्यावर दाखवण्याची सोय होस्टिंगवाल्यांनी सुरूच ठेवली होती. दुसऱ्या विनंतीत तो मार्ग वापरून कॉन्फिग फाइल मागितली होती, तीही पीएचपीच्या "फिल्टर" रॅपरमधून, म्हणजे फाइल वाचतानाच तिचे रूप बदलणाऱ्या सोयीतून, बेस-६४ या साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात.

हे शेवटचे का केले, ते समजले तर सगळा प्रकार समजतो. इन्क्लूड ही पीएचपीतील सूचना दुसरी फाइल आणून जागेवरच चालवते. त्या फाइलीत पीएचपीचा कोड असेल तर तो चालतो, नसेल तर तिच्यातला मजकूर जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. कॉन्फिग फाइल सरळ इन्क्लूड केली तर ती मुकाट्याने चालते आणि पासवर्ड पडद्यावर येत नाही. मात्र बेस-६४ मध्ये बदलून आणली की तिच्यात पीएचपीची खूण उरत नाही, आणि ती सगळीच्या सगळी साधा मजकूर म्हणून बाहेर पडते. लॉगमध्ये उत्तराचा आकार होता ४,४१६ बाइट. आमची कॉन्फिग फाइल ३,३१२ बाइटची आहे. बेस-६४ मध्ये दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ३,३१२ भागिले तीन म्हणजे १,१०४, आणि त्याची चौपट बरोबर ४,४१६. तो गुणाकार मी कागदावर दोनदा केला. फाइल गेली होती, यात शंका उरली नाही.

प्लगइनचा कोड उघडला तेव्हा लेखकाला धोक्याची कल्पना असल्याचे दिसले आणि त्यानेच मला अधिक राग आला. विनंतीच्या वेबपत्त्यातून आलेल्या नावातून त्याने "../" ही, वरच्या फोल्डरकडे नेणारी, अक्षरे काढून टाकली होती आणि उरलेले नाव इन्क्लूडला दिले होते. अशी एकदाच केलेली काटछाट "....//" लिहून चुकवता येते, कारण मधले तीन गेले की उरलेल्यांतून पुन्हा "../" तयार होते. इथे तर तेही करावे लागले नाही, कारण संपूर्ण मार्ग दिला की वरच्या फोल्डरकडे जाणाऱ्या टिंबांची गरजच पडत नाही. दूरच्या सर्व्हरवरील फाइल इन्क्लूड करण्याची मुभा पीएचपी ५.२ पासून मुळातच बंद असते, आणि त्यामुळे अनेक जण निर्धास्त असतात. पण ती मर्यादा या फिल्टरला लागू होत नाही.

खरा उपाय कोणतेही अक्षर गाळण्यात नाही. पत्त्यातून आलेला मजकूर कधीही फाइलचे नाव होऊ द्यायचा नाही. आराखडे पाच असतील तर कोडमध्ये पाच सांकेतिक शब्द आणि त्यांच्यासमोर पाच ठरलेल्या फाइली लिहायच्या, आणि सहावा शब्द आला तर काहीही न उघडता थांबायचे. फाइली फार असतील तर रिअलपाथ या पीएचपीतील सूचनेने खरा मार्ग काढून तो आपल्याच फोल्डरपासून सुरू होतो का ते तपासायचे, आणि त्या तपासणीत फोल्डरच्या नावानंतरची तिरकी रेघ विसरायची नाही. नाहीतर "टेम्प्लेट" या फोल्डरबरोबर शेजारचा "टेम्प्लेट-जुने" हाही मान्य होऊन बसतो. ओपन-बेसडिर ही सेटिंग लावून पीएचपीला संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर जाऊ न देणेही आवश्यक आहे. आमची कॉन्फिग फाइल त्याच फोल्डरात असल्याने त्याने तिचा बचाव झाला नसता. पण हल्लेखोर ब्राउझरच्या नावाच्या जागी कोड पाठवतो, तो सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिला जातो आणि मग तो लॉगच इन्क्लूड करून चालवला जातो, तो पुढचा टप्पा अशाने अडतो.

मला मात्र दुसरीच गोष्ट अजून टोचते. हे प्लगइन मी स्वतः २०२३ मध्ये बंद केले होते. वर्डप्रेसमध्ये प्लगइन निष्क्रिय केले की वर्डप्रेस ते वापरत नाही, परंतु त्याच्या फाइली फोल्डरातच राहतात आणि पत्ता माहीत असणारा कोणीही त्या थेट उघडू शकतो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला, ती वर्डप्रेसमधूनच बोलावली आहे का हे पाहणारी एक ओळ असली तर हा मार्ग बंद होतो; या फाइलीत ती ओळ नव्हती. थीमच्या पोटातून आलेल्या प्लगइनची सुधारित आवृत्ती निघाली तरी डॅशबोर्डवर सूचना येईलच असे नसते. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या प्लगइनच्या ४.१.४ पर्यंतच्या आवृत्त्यांतून हीच कॉन्फिग फाइल उतरवून घेता येत होती, तेव्हाही थीमबरोबर ते आपल्याकडे आले आहे हे असंख्य संकेतस्थळांच्या मालकांना माहीत नव्हते. मी हे सगळे जाणत होते, तरी "पुढे कधी लागले तर" म्हणून फोल्डर ठेवले.

दुपारपर्यंत डेटाबेसचा पासवर्ड आणि वर्डप्रेसच्या गुप्त किल्ल्या बदलल्या, त्यामुळे सगळे चालू लॉगिन आपोआप बाद झाले. अनोळखी खाते आणि ते प्लगइन काढले, चुका पडद्यावर दाखवणे थांबवले, अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी व्यवस्था केली आणि वर्डप्रेसची प्रत्येक मूळ फाइल तिच्या चेकसमशी, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याशी, ताडून पाहिली. सायबर सुरक्षेच्या घटना पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेलाही कळवले, कारण तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहे. आमच्या होस्टिंगवाल्यांकडे तीस दिवसांचेच होते. डेटाबेस हाताळण्याचे पीएचपी-माय-अ‍ॅडमिनचे पान त्यांनी साऱ्या जगाला खुले ठेवले होते, त्याचा लॉग तर ते ठेवतच नव्हते. चोर त्याच पानावरून आत आला असावा, असे मला वाटते, आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर मला कधीच मिळणार नाही: त्याने फक्त स्वतःचे खाते तयार केले, की स्थळांचा तक्ताही उतरवून नेला?

संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात बैठक झाली. अध्यक्षांचे म्हणणे होते की मेळावा होऊन जाऊ द्यावा, मुलींच्या घरचे लोक उगाच घाबरतील. मी नकार दिला. सचिव इतका वेळ गप्प होते, ते एवढेच म्हणाले, "माझ्या नातीचंही स्थळ त्यात आहे. मला तर कळलंच असतं, मग बाकीच्यांना काऊन नाही?" रात्री आठ वाजता सर्वांना संदेश गेला. "आपली माहिती वाचली गेली असण्याची शक्यता आहे" या वाक्यातला "शक्यता" हा शब्द मीच सुचवला होता, कारण त्याहून अधिक काही मला सिद्ध करता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काटोलहून एका वडिलांचा फोन आला. "शक्यता म्हणजे किती?" त्यांनी विचारले. फाइल वाचली गेली हे नक्की, डेटाबेसमध्ये कोणी शिरले हेही नक्की, त्यापुढचे सांगता येत नाही, असे मी त्यांना क्रमाने सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलीचे फोटो काढून टाकायला सांगितले. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या लहानमोठ्या प्रती करून ठेवते, त्यामुळे दोन फोटोंच्या सोळा फाइली निघाल्या. त्या काढल्या, बॅकअपमधूनही काढल्या आणि संध्याकाळी त्यांना तसे कळवले.

"आता कोणाजवळ नाहीत ना?" त्यांनी विचारले.

आमच्याकडे नाहीत, एवढेच मी सांगू शकले.